टॅब्लेटचा विसरलेला संकेतांक : पुनःप्रवेशाचे स्वरूप आणि मर्यादा

पासवर्ड ह्या शब्दासाठी मराठीत ‘परवलीचा शब्द’ हा जुना शब्दप्रयोग रूढ झाला आहे. पासकोडसाठी ‘संकेतांक’ हा शब्द वापरता येतो. व्यवहारात ह्या दोहोंत फारसा भेद केला जात नाही. परवलीचा शब्द म्हटला की रात्रीच्या वेळी गडाच्या दरवाजाशी उभा असलेला पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारावा, पहारेकऱ्याने तो आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दाशी ताडून पाहावा आणि जुळल्यास दिंडी उघडावी, अशी ती व्यवस्था होय. ह्या चित्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, पहारेकऱ्याला योग्य शब्द ठाऊक असतो. दोन, पहारेकऱ्यावर हुकूम चालवणारा किल्लेदार वर असतो. तीन, दरवाजा बंद असतानाही आतील वस्तू जशाच्या तशा असतात.

टॅब्लेटचा संकेतांक विसरलेला मनुष्य नकळत ह्याच चित्राच्या आधारे विचार करतो. खरेदीची पावती दाखवली, ओळख पटवली, उत्पादक कंपनीला विनंती केली, अथवा बाजारातील एखाद्या हुशार कारागिराला गाठले, म्हणजे दरवाजा उघडेल आणि आतील सामग्री हाती येईल, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः आजच्या टॅब्लेटच्या बाबतीत वरील तीन गृहीतांपैकी एकही खरे नाही. यंत्राला संकेतांक ठाऊक नसतो, उत्पादकाचा हुकूम तेथे चालत नाही, आणि कुलूपबंद स्थितीत आतील सामग्री वाचनीय रूपात अस्तित्वातच नसते.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. क्षेत्रीय अभ्यासासाठी बाहेर पडणारा विद्यार्थी आता ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, शब्दयाद्या आणि निवेदकांच्या संमतीची नोंद हे सर्व बहुधा एकाच टॅब्लेटवर करतो. ह्या सामग्रीची वाट संकेतांकाच्या विस्मरणाने बंद झाली, तर काय परत मिळते आणि काय मिळत नाही, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मुख्य उदाहरण ॲपल कंपनीच्या आयपॅडचे घेतले असून अँड्रॉइड टॅब्लेटचे भेद पुढे स्वतंत्रपणे दिले आहेत.

१. पहारेकरी आणि किल्ली

परवलीच्या शब्दाची कल्पना संगणकाच्या पहिल्या काळात बरीचशी यथार्थ होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत १९६१ मध्ये प्रथम दाखवण्यात आलेल्या सीटीएसएस ह्या संगणकव्यवस्थेत अनेक जण एकच यंत्र वापरीत असत. प्रत्येकाचा परवलीचा शब्द यंत्रातील एका यादीत लिहिलेला असे. यादी पाहण्याचा अधिकार असलेला व्यवस्थापक विसरभोळ्या सहकाऱ्याला त्याचा शब्द सांगू शकत असे. ह्या पद्धतीतील धोका १९६६ मध्ये उघड झाला. संपादन करताना झालेल्या गोंधळामुळे ही यादी दैनंदिन सूचनेच्या जागी गेली, आणि यंत्रात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले. ज्या व्यवस्थेत विसरलेला शब्द परत सांगता येतो, त्या व्यवस्थेत तो चोरताही येतो, हा त्यातील बोध आहे.

आयपॅडची रचना ह्याहून मूलतः निराळी आहे. त्यातील स्मृतिपटलावर ध्वनिमुद्रण जसेच्या तसे लिहिले जात नाही. ते कूटबद्ध करून लिहिले जाते. हे कूट सोडवण्याची किल्ली दोन घटकांच्या संयोगातून दर वेळी नव्याने सिद्ध होते. पहिला घटक म्हणजे प्रक्रियकाच्या घडणीच्या वेळीच त्यात कोरलेली २५६ बिटांची संख्या. ती प्रत्येक यंत्राची निराळी असते आणि कोणत्याही आज्ञावलीला वाचता येत नाही. दुसरा घटक म्हणजे वापरणाऱ्याचा संकेतांक. हा संकेतांक यंत्रात कोठेही लिहून ठेवलेला नसतो. तो परवलीचा शब्द नव्हे. किल्लीला असलेल्या दात्यांपैकी काही दाते म्हणजे तो संकेतांक होय. दाते नाहीत तर किल्ली नाही, आणि किल्ली नाही तर स्मृतिपटलावर उरतो तो अर्थहीन बिटांचा समुदाय.

ह्यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे सर्व संभाव्य संकेतांक एकामागून एक देऊन पाहणे. ह्या बाबतीतील हिशेब उद्बोधक आहे. चार अंकी संकेतांक १०,००० संभवतात. एका प्रयत्नास सुमारे ८० सहस्रांश सेकंद लागावेत, अशा बेताने आयपॅडमधील किल्लीची घडण मुद्दाम मंद ठेवलेली आहे. ह्या गतीने सर्व १०,००० प्रयत्न ८०० सेकंदांत, म्हणजे सुमारे १३ मिनिटांत संपतील. सहा अंकी संकेतांक दहा लक्ष संभवतात. त्यांस ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास लागतील. २०१५ पासून सहा अंकांचा संकेतांक ही ॲपलच्या यंत्रांत प्रथमनिवड झाली. परंतु केवळ अंक वाढवल्याने संरक्षण पुरेसे होत नाही, हे ह्या हिशेबावरून उघड आहे. म्हणून चुकीच्या प्रयत्नांनंतर सक्तीचा विराम येतो. प्रथम एक मिनिट, मग पाच, मग पंधरा, असा तो वाढत जाऊन तासांवर पोहोचतो आणि अखेरीस यंत्र प्रयत्न स्वीकारणेच थांबवते. दहा चुकांनंतर सर्व सामग्री आपोआप नष्ट व्हावी, अशी सोयही वापरणाऱ्याला निवडता येते. ह्या विरामांची अंमलबजावणी ‘सिक्युअर एन्क्लेव्ह’ नावाचा स्वतंत्र प्रक्रियक करतो. तो आयपॅडमध्ये २०१३ पासून आला. किल्लीचा पहिला घटक यंत्राबाहेर काढता येत नसल्यामुळे स्मृतिपटल सोडवून एखाद्या शक्तिशाली संगणकाला जोडण्याचाही उपयोग होत नाही.

उत्पादकाचा हुकूम येथे चालत नाही, ह्याची प्रसिद्ध साक्ष २०१६ मधील आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या हल्ल्यानंतर हल्लेखोराचा आयफोन ५सी तपास यंत्रणेच्या हाती आला; संकेतांक मात्र कोणालाही ठाऊक नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने ॲपलला दिलेल्या आदेशात संकेतांक सांगण्याची मागणी नव्हती, कारण तो कंपनीकडे नव्हताच. विराम आणि प्रयत्नांची मर्यादा दूर करणारी विशेष आज्ञावली तयार करावी, अशी ती मागणी होती. ॲपलने विरोध केला. मार्चअखेरीस तिऱ्हाइताच्या साहाय्याने फोन उघडल्याचे सांगून शासनाने अर्ज मागे घेतला. त्या जुन्या फोनमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह नव्हते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. अशा तपासासाठी लागणारी साधने सामान्य वापरणाऱ्याच्या आवाक्यातील नव्हेत. त्यांच्या भरवशावर संशोधनसामग्री ठेवणे शहाणपणाचे ठरणार नाही.

२. मातीची पाटी आणि काचेची पाटी

भाषाभ्यासकाच्या मनात येथे एक शंका उद्भवणे स्वाभाविक आहे. किल्ली हरवलेले लेख वाचणे हे तर भाषाविज्ञानाचे जुने कार्य आहे. आर्थर इव्हान्स ह्यांना १९०० मध्ये क्रीट बेटावरील क्नॉसॉस येथे मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवरील लिनियर बी ही लिपी जाणणारा मनुष्य तीन हजारांहून अधिक वर्षे कोणी नव्हता, आणि भाषा कोणती हेही ठाऊक नव्हते. ॲलिस कोबर ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात शब्दांच्या अंत्य चिन्हांतील नियमित बदल दाखवून ती विभक्तिप्रत्यय असलेली भाषा असल्याचे सिद्ध केले. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस ह्यांनी ती ग्रीकचे एक प्राचीन रूप असल्याचे दाखवले. मग कालपरवापर्यंत आपल्याच हातात असलेली, आपल्याच भाषेतील सामग्री का वाचता येऊ नये?

ह्याचे उत्तर भाषेच्या पुनरुक्तिगुणात आहे. क्लॉड शॅनन ह्यांनी १९४९ च्या गुप्तलेखनविषयक निबंधात ह्या गुणाचे गणिती विवेचन केले. कोणत्याही नैसर्गिक भाषेत सर्व चिन्हे समान वेळा येत नाहीत, आणि कोणत्याही चिन्हानंतर कोणतेही चिन्ह येत नाही. मराठी मजकुरातील प्रत्येक अक्षराऐवजी एक ठरावीक चिन्ह योजले, तरी वाक्यांच्या शेवटी वारंवार येणारी ‘आहे’ची दोन चिन्हे, ‘च्या’, ‘ला’, ‘ने’ ह्यांसारखी शब्दान्ती येणारी रूपे आणि ‘आणि’सारखी अव्यये लवकरच उघडी पडतील. लिनियर बी लिहिणाऱ्यांचा हेतू तर काही लपवण्याचा नव्हताच. ते धान्य, मेंढ्या आणि माणसे ह्यांचा हिशेब लिहीत होते. आपल्याकडील मोडी कागदपत्रांची स्थितीही ह्याच जातीची आहे. वाचणारे थोडे राहिले म्हणून कित्येक कागद न वाचलेले आहेत. लिपी शिकणारा कोणीही ते वाचू शकतो.

आधुनिक कूटबद्धीकरणाचा हेतू नेमका हा पुनरुक्तिगुण नाहीसा करण्याचा असतो. कूटबद्ध झालेल्या लेखात एखादे चिन्ह अधिक आणि एखादे कमी येत नाही. तेच वाक्य दोनदा आले तरी त्याचे रूप दोनदा एकसारखे राहत नाही. कोबर ह्यांना विभक्तीचा सुगावा लागला, तसा सुगावा लागण्यास येथे कोणताच आधार उरत नाही.

ह्या विषयातील एक मूलभूत तत्त्व एका भाषापंडिताच्या नावाने ओळखले जाते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स हे भाषांचे अध्यापक होते आणि पुढे व्होलाप्यूक ह्या कृत्रिम भाषेच्या प्रसारासाठीही प्रसिद्ध झाले. १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये, अशी अट त्यांनी घातली. सारी गुप्तता किल्लीत असावी, पद्धतीत नसावी, असा तिचा आशय आहे. आयपॅडच्या संरक्षणाची रचना ॲपलने स्वतःच प्रसिद्ध केलेली आहे. तरी कुलूप उघडत नाही, ह्याचे कारण हेच तत्त्व आहे. त्यामुळे ‘आतील रचना जाणणारा कारागीर’ सामग्री परत मिळवून देईल, ही आशा फोल ठरते.

३. पुनःप्रवेशाचे तीन अर्थ

‘टॅब्लेट उघडून मिळाला’ ह्या वाक्याचे तीन निरनिराळे अर्थ संभवतात. यंत्र वापरण्याजोगे झाले, हा पहिला. यंत्रावरील मालकी सिद्ध झाली, हा दुसरा. आतील सामग्री परत मिळाली, हा तिसरा. ह्या तिहींचे उपाय वेगवेगळे आहेत. ह्यांचा घोळ झाल्यामुळे पहिल्यासाठी केलेल्या कृतीने तिसरे कायमचे गमावल्याचे प्रसंग घडतात.

तिसऱ्या अर्थाचे, म्हणजे सामग्रीसह पुनःप्रवेशाचे, मार्ग थोडे आहेत. म्हणून त्यांचा विचार प्रथम करावा. संकेतांक नुकताच बदलला असेल आणि नवा विसरला असेल, तर आयपॅडओएस १७ (२०२३) पासून बदलानंतर ७२ तासांपर्यंत जुना संकेतांक देऊन आत जाता येते आणि नवा ठरवता येतो. संकेतांक विसरल्याच्या पडद्यावरच हा पर्याय दिसतो.

दुसरा मार्ग बोटाच्या ठशाचा अथवा चेहऱ्याचा. विस्मरणाचे मूळही बहुधा येथेच असते. दिवसभर यंत्र बोटाने उघडत गेल्यामुळे अंक आठवण्याचा प्रसंगच येत नाही. परंतु ठसा ही संकेतांकाची बदली नव्हे. यंत्र सुरू झाल्यावर एकदा संकेतांकाने सिद्ध झालेली किल्ली ठशाच्या साहाय्याने पुन्हा उपलब्ध होते, एवढेच त्याचे कार्य आहे. म्हणून यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, ४८ तास ते उघडलेच नाही, अथवा ठसा पाच वेळा जुळला नाही, तर संकेतांक मागितला जातो. संकेतांक साडेसहा दिवस दिलेला नसेल आणि मागील चार तासांत ठशाने यंत्र उघडलेले नसेल, तरीही तेच घडते. ह्यावरून एक महत्त्वाचा व्यावहारिक नियम निघतो. संकेतांक आठवत नाही असे ध्यानात आले आणि ठशाने यंत्र अद्याप उघडत असले, तर ते बंद होऊ देऊ नये, विद्युत्‌घट संपू देऊ नये, आणि त्याच बैठकीत सर्व ध्वनिमुद्रणे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. केवळ ठशावर संकेतांक बदलता येत नाही. परंतु सामग्री वाचवता येते.

तिसरा मार्ग आठवण्याचा. येथे घाई घातक ठरते, कारण प्रत्येक चूक विराम वाढवते. अंक शब्दरूपाने आठवत नसले तरी बोटांची हालचाल कित्येकदा स्मरणात असते. यंत्रावर प्रयोग न करता कागदावर अंकपट काढून त्यावर बोट फिरवून पाहावे, संभाव्य संकेतांक लिहावेत, आणि सर्वांत संभवनीय असेल तोच यंत्रावर द्यावा.

हे तीन मार्ग खुंटले, म्हणजे उरतो तो यंत्र पुसण्याचा मार्ग. आयपॅडओएस १५.२ (डिसेंबर २०२१) वा त्यानंतरची व्यवस्था असलेले यंत्र आंतरजालाशी जोडलेले असेल, तर बंद झालेल्या पडद्यावरच पुसण्याचा पर्याय येतो. त्यासाठी ॲपलच्या खात्याचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. ही सोय नसल्यास यंत्र संगणकाला जोडून, ठरलेली कळ दाबून धरून, पुनःस्थापनेच्या अवस्थेत न्यावे लागते. मग मॅकवर फाइंडरमधून अथवा विंडोज संगणकावर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस ह्या आज्ञावलीतून ते नव्याने सिद्ध करता येते. आज्ञावली उतरण्यास १५ मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर यंत्र त्या अवस्थेतून बाहेर पडते आणि कृती पुन्हा करावी लागते. आंतरजाल मंद असलेल्या ठिकाणी ही बाब विशेष लक्षात ठेवावी.

पुसण्याची क्रिया जलद होते, ह्याचे कारणही वरील रचनेतच आहे. यंत्र सर्व सामग्री एकेक करून खोडत नाही. ते किल्लीसाठी आवश्यक असलेला भाग नष्ट करते. त्यानंतर मूळ संकेतांक आठवला तरी उपयोग नसतो, आणि ‘पुसलेले परत मिळवून देणाऱ्या’ आज्ञावलींनाही हाती काही लागत नाही.

पुसलेले यंत्र सुरू होताना ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आडवे येते. २०१३ पासून आलेले हे कुलूप मालकीचे आहे. ज्या खात्याशी यंत्र जोडलेले होते त्या खात्याचा परवलीचा शब्द मागून ते चोराला निरुपयोगी ठरवते. येथे मात्र पहारेकऱ्याची उपमा लागू पडते, कारण हे कुलूप कंपनीच्या नोंदवहीत असते. खात्याचा शब्द विसरला असल्यास दुसऱ्या विश्वसनीय यंत्रावरून तो बदलता येतो, किंवा खाते परत मिळवण्याचा अर्ज करून प्रतीक्षा करता येते. खरेदीचा पुरावा दिल्यास कंपनी हे कुलूप काढण्याचा विचार करते. पावतीचे सामर्थ्य ह्या दुसऱ्या अर्थापुरते आहे. तिसऱ्या अर्थाशी, म्हणजे सामग्रीशी, तिचा काहीही संबंध नाही.

सामग्री परत येते ती आधी काढून ठेवलेल्या प्रतीतूनच. आयक्लाउडवरील प्रत खात्याच्या आधारे उतरवता येते. परंतु प्रती घेणे थांबल्यास शेवटची प्रत १८० दिवसच ठेवली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेले प्रगत संरक्षण स्वेच्छेने स्वीकारले असेल, तर ह्या प्रतीची किल्लीही कंपनीकडे राहत नाही. अशा वेळी खात्याची वाट बंद झाल्यास आधी नेमलेली विश्वासू व्यक्ती अथवा २८ अक्षरांची पुनःप्राप्तिकिल्ली हाच आधार उरतो. स्वतःच्या संगणकावर घेतलेली कूटबद्ध प्रतही तिच्या स्वतंत्र परवलीच्या शब्दाविना उघडत नाही. एका विस्मरणावरचा उपाय अशा रीतीने दुसऱ्या स्मरणावर अवलंबून असतो.

४. अँड्रॉइड टॅब्लेट

अँड्रॉइडच्या ४.४ व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत रेघांची आकृती विसरल्यास गूगलच्या खात्याने कुलूप उघडता येत असे. जुन्या लेखांतून व ऐकीव सल्ल्यांतून हा उपाय अद्याप सांगितला जातो; तथापि ५.० (२०१४) पासून तो राहिलेला नाही. नऊ बिंदूंवर काढता येणाऱ्या आकृती ३,८९,११२ आहेत, म्हणजे सहा अंकी संकेतांकांहून कमी. पण तेथेही खरे रक्षण विरामांचेच असते. २०१५ मधील ६.० आवृत्तीपासून समर्थ यंत्रांस कूटबद्धीकरण अनिवार्य झाले. त्यामुळे मूळ स्थितीवर नेणे, म्हणजे पुसणे, हाच सर्वसाधारण उपाय उरतो. त्यानंतर पूर्वीच्या गूगल खात्याची मागणी होते. हे संरक्षण ५.१ आवृत्तीपासून आले.

एक भेद मात्र क्षेत्रीय अभ्यासकाच्या उपयोगाचा आहे. पुष्कळ अँड्रॉइड टॅब्लेटांत निराळे स्मृतिपत्र घालता येते. ते सुटे साठवण म्हणून वापरले असेल आणि कूटबद्ध केलेले नसेल, तर बाहेर काढून कोणत्याही संगणकावर वाचता येते. ध्वनिमुद्रणे तेथे साठवली असल्यास टॅब्लेटच्या संकेतांकाशी त्यांचा संबंध राहत नाही. अर्थात ते स्मृतिपत्र ज्याच्या हाती पडेल त्यालाही ती ऐकता येतात. अंतर्गत साठवणीचा भाग म्हणून ते यंत्राला जोडून दिले असेल, तर तेही कूटबद्ध असते आणि हा लाभ मिळत नाही.

५. क्षेत्रीय अभ्यासातील व्यवहार

हानीचे मोल भाषेच्या स्थितीवरून ठरते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोद तालुक्यात व लगतच्या मध्य प्रदेशात बोलली जाणारी निहाली ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निर्विवादपणे जोडता आलेली नाही. एफ. बी. जे. काइपर ह्यांनी १९६२ मध्ये तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. तरी प्रश्न मिटलेला नाही. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने तेथील वृद्ध निवेदिकेकडून कथा ध्वनिमुद्रित केल्या आणि परतल्यावर टॅब्लेटचा संकेतांक विसरला. यंत्र पुसून पुन्हा वापरता येईल. विद्यार्थिनी पुन्हा गावी जाईल. परंतु निवेदिका तोवर असेलच असे नाही. अंदमानातील बो भाषेच्या अखेरच्या वक्त्या बोआ सीनियर जानेवारी २०१० मध्ये निवर्तल्या. अन्विता अब्बी ह्यांनी त्यांचे बोलणे त्यापूर्वी मुद्रित करून ठेवले होते. तशी मुद्रणे पुन्हा कोणालाही करता येणार नाहीत.

ह्यावर संकेतांकच न ठेवणे हा उपाय नव्हे. निवेदक आपल्या घरातील कलह, आजार, जमिनीचे वाद ह्यांविषयी विश्वासाने बोलतात. टॅब्लेट बसस्थानकावर हरवला तर ते बोलणे परक्याच्या कानी पडू नये, ही अभ्यासकाची नैतिक जबाबदारी आहे. कुलूप दृढ असावे आणि सामग्री केवळ त्या कुलुपाच्या आत नसावी, अशी दुहेरी योजना करावी लागते.

त्या दृष्टीने पुढील व्यवहार उपयुक्त ठरेल. प्रत्येक दिवसाचे काम संपताच ध्वनिमुद्रणांची प्रत टॅब्लेटबाहेर घ्यावी. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक दुसऱ्या गावी असावी. केवळ विनामूल्य आयक्लाउडवर भिस्त ठेवू नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, द्विमार्गी अशा असंपीडित ध्वनिमुद्रणास तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट जागा लागते. तेथे मिळणाऱ्या ५ गिगाबाइटांत पाच तासांचेही मुद्रण मावत नाही. जागा संपल्यावर प्रती घेणे थांबते, आणि पडद्यावरील सूचनेकडे कामाच्या गर्दीत दुर्लक्ष होते. संकेतांक, खात्याचा परवलीचा शब्द आणि पुनःप्राप्तिकिल्ली कागदावर लिहून, मोहोरबंद पाकिटात, विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवावी. संकेतांक बदलला की पाकीटही बदलावे. बोटाच्या ठशाने यंत्र उघडत असले तरी दिवसातून एकदा संकेतांक हाताने द्यावा, म्हणजे तो स्मरणात राहील. घेतलेली प्रत खरोखर उघडते की नाही, हे दुसऱ्या यंत्रावर मधूनमधून पाहावे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

अभ्यासकाच्या आजारपणाचा अथवा मृत्यूचाही विचार ह्यात येतो. डिसेंबर २०२१ पासून ॲपलच्या खात्यास वारस-संपर्क नेमता येतो. त्याला आयक्लाउडवरील सामग्री मिळू शकते. परंतु टॅब्लेटचा संकेतांक त्यालाही मिळत नाही. विभागातील पाकीट येथेही उपयोगी पडते.

६. निष्कर्ष

क्नॉसॉसच्या पाट्या कच्च्या मातीच्या होत्या. राजवाड्याला लागलेल्या आगीत त्या भाजल्या गेल्या म्हणूनच टिकल्या, आणि लिहिणाऱ्यांच्या मनात नसतानाही आपल्यापर्यंत आल्या. टॅब्लेटमधील सामग्रीच्या वाट्याला असा योगायोग येऊ शकत नाही. तिचे रक्षण जितके चोख, तितके तिचे भवितव्य आधी केलेल्या योजनेवर अवलंबून असते. संकेतांक विसरल्यानंतर यंत्र परत मिळते, मालकीही सिद्ध करता येते. सामग्री मात्र विसरण्यापूर्वी जेथे ठेवली असेल तेथूनच परत मिळते.

म्हणून क्षेत्रीय अभ्यासाचे मार्गदर्शन करणाऱ्या अध्यापकाने प्रत्येक आठवड्यास विद्यार्थ्याला एक प्रश्न नेमाने विचारावा : ह्या आठवड्यातील मुद्रणे ह्या टॅब्लेटखेरीज आणखी कोठे आहेत? त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पुढील मुद्रणास आरंभ करू नये.